न घडलेल्या गोष्टींचें पुण्य

बुडत्यास हात देऊन वर काढणाऱ्याची कीर्ति गांवभर होते; परंतु ज्यानें विहिरीस आधींच कठडा बांधला आणि त्यामुळें कोणी बुडालेंच नाहीं, त्याचें नांवही कोणी घेत नाहीं. पहिल्याच्या गळ्यांत हार पडतो. दुसऱ्यास ‘एवढा खर्च कशाला केला?’ असा प्रश्न कित्येकदां ऐकून घ्यावा लागतो. ही गोष्ट इतकी नित्याची आहे कीं, तिच्यांत कांहीं विपरीत आहे असें आपणांस वाटेनासें झालें आहे. वस्तुतः दोघांच्या कृतींचा परिणाम तोलून पाहिला तर कठडा बांधणाऱ्याचेंच पारडें जड भरेल. पहिल्यानें एकास वांचविलें, तेंही त्याच्या नाकातोंडांत पाणी गेल्यावर. दुसऱ्यानें किती जणांस वांचविलें याची गणतीच नाहीं, आणि त्यांपैकीं एकासही भीतीचा एक क्षणसुद्धां भोगावा लागला नाहीं. मग लोकांची कृतज्ञता उलट्या बाजूस कां झुकते? आणि ज्या कर्माचें फळ ‘कांहीं घडलें नाहीं’ एवढेंच आहे, ज्याचा लाभ कोणास झाला हें करणाऱ्यास व लाभ घेणाऱ्यास, दोघांसही कधीं कळावयाचें नाहीं, तें कर्म करण्यास मनुष्य खरोखर बांधलेला आहे काय? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

निव्वळ अमूर्त शब्दांत चालविलेला विचार लवकरच हवेंत विरून जातो. म्हणून आम्ही एक मूर्त उदाहरण पुढें ठेवतों. तें आमच्या हातकणंगले तालुक्यांतील नाहीं, किंबहुना महाराष्ट्रांतीलही नाहीं. आमच्याकडील हिंवाळा म्हणजे पहांटेचें दंव, पंचगंगा व वारणा यांच्या खोऱ्यांत उतरणारें धुकें आणि गुऱ्हाळाच्या चुलाणाची ऊब. बर्फ आम्हांस ठाऊक तें सरबताच्या पेल्यांतलें. तथापि कोल्हापूर जिल्ह्यांतील पुष्कळ घरांस तें इतकें परकें राहिलेलें नाहीं. शिरोळ तालुक्यांतील सैनिक टाकळीसारख्या गांवांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यांत जात आले आहेत. ज्यांचा मुलगा लडाखकडे नेमणुकीवर असेल, त्यांच्या ओसरीवर जोझी-ला खिंड उघडी आहे कीं बंद झाली, ही चर्चा स्वाभाविकच होते. सुमारें ११,५०० फूट उंचीच्या त्या खिंडींतील वाट हिंवाळ्यानंतर मोकळी करण्याचें काम १९६० सालीं स्थापन झालेली सीमा रस्ते संघटना करते. तें शौर्याचें काम आहे. त्याची वाहवा होते व ती योग्यच होते. परंतु आम्हांस येथें रस्त्यावरील बर्फ उपसणाऱ्यांविषयीं नव्हे, तर तें रस्त्यावर येऊंच नये म्हणून दूर माळावर उभ्या केलेल्या एका साध्या लांकडी कुंपणाविषयीं बोलावयाचें आहे. थंड देशांत असें कुंपण पुष्कळ ठिकाणीं आढळतें. सोयीसाठीं त्यास आपण हिमकुंपण म्हणूं.

बर्फाळ प्रदेशांतील उघड्या माळावरच्या रस्त्यास खरा धोका आकाशांतून पडणाऱ्या बर्फापासून जितका, त्याहून अधिक तें पडून गेल्यावर वाऱ्यानें पुन्हां उचललेल्या बर्फापासून असतो. वारा सुटला म्हणजे त्याचे कोरडे कण कांहीं जमिनीलगत लोळत, कांहीं उड्या मारीत, तर कांहीं धुरळ्याप्रमाणें हवेंत तरंगत दूरवर प्रवास करतात. वाटेंत रस्त्याचा खोलगट भाग लागला कीं तेथें वारा मंदावतो व बर्फाचा ढीग बसतो. जे कण तरंगत राहतात, ते गाडी हांकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें पांढरा पडदा धरतात. वर आकाश निरभ्र आहे, सूर्य स्वच्छ दिसत आहे, आणि समोरचा दहा हातांवरचा रस्ता मात्र दिसत नाहीं, अशी विलक्षण अवस्था तेथें होते. जपानच्या होक्काइदो बेटावर तर रस्त्याची कड कोठें आहे हें कळावें म्हणून उंच खांबांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचे, खालीं टोंक असलेले बाण टांगलेले असतात.

यावर उपाय काय? कोणाही भाबड्या मनुष्याच्या मनांत येईल कीं, रस्त्याच्या कडेला एक भक्कम भिंत घालावी. परंतु अनुभवानें व प्रयोगांनीं ठरलेला उपाय याच्या अगदीं उलट आहे. कुंपण भरीव असूं नये. त्याच्या आडव्या फळ्यांमध्यें मोकळी जागा असावी, आणि ती एकंदर क्षेत्रफळाच्या जवळजवळ निम्मी असावी. भरीव भिंतीमागें बर्फाचा ढीग आंखूड होतो व लवकर भरतो. निम्म्या उघड्या कुंपणामागें तो लांब पसरतो व अधिक बर्फ सामावून घेतो. कुंपणाची खालची फळी जमिनीस टेकलेली नसावी. उंचीच्या सुमारें एक-दशांश इतकी फट खालीं राहावी, म्हणजे कुंपण स्वतःच गाडलें जाणार नाहीं. कुंपणाची उंची दुप्पट केली तर त्याच्या पोटांत राहणारें बर्फ चौपटीहूनही अधिक होतें. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही कीं, कुंपणापलीकडे ढीग त्याच्या उंचीच्या तीस-पस्तीस पट लांबवर पसरतो. म्हणून कुंपण रस्त्यापासून निदान तितकें दूर पाहिजे. १२ फूट उंचीचें कुंपण असेल तर तें रस्त्यापासून सुमारें ४२० फूट अंतरावर, वाऱ्याच्या बाजूस उभें राहिलें पाहिजे. रस्त्यावरून जाणाऱ्यास तें दिसलें तरी आपला त्याच्याशीं कांहीं संबंध आहे असें त्यास वाटण्याचें कारण नाहीं.

हें ज्ञान एका दिवसांत आलें नाहीं. १९३० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील मिशिगन येथील राज्य महाविद्यालयांत फिनी या संशोधकानें वायुबोगद्यांत कुंपणांचे लहान नमुने ठेवून प्रयोग केले. पुढें वायोमिंग राज्यांत या शास्त्राची खरी कसोटी लागली. लॅरमी शहराच्या पश्चिमेस जुना रस्ता मेडिसिन बो गांवावरून वळसा घेऊन जात असे. नव्या महामार्गासाठीं एल्क पर्वताच्या पायथ्याची जवळची वाट निवडण्यांत आली. त्या बाजूस वारा व बर्फ फार, असें तेथील पशुपालकांनीं बजावलें होतें. परंतु नकाशावर अंतर कमी दिसत होतें, आणि नकाशांत वारा काढलेला नसतो. १९७० सालच्या ऑक्टोबरांत तो मार्ग खुला झाला व पहिल्याच हिंवाळ्यांत त्याची कुख्याति झाली. तेव्हां रोनाल्ड टॅब्लर या शास्त्रज्ञाच्या अभ्यासाच्या आधारानें १९७१ पासून तेथें हिमकुंपणें उभारण्यांत आलीं. टॅब्लर यांनीं वर्षानुवर्षें बर्फाचे ढीग मोजले, अपघातांच्या नोंदी तपासल्या, आणि उडत्या बर्फामुळें होणारे अपघात कुंपणांच्या आडोशास असलेल्या भागांत कमी झाल्याचें दाखवून दिलें. त्यांच्या हिशेबाप्रमाणें तेंच बर्फ यंत्रानें उपसण्याचा खर्च कुंपणानें अडविण्याच्या खर्चाच्या सुमारें शंभरपट येतो.

येथवर शिल्पशास्त्राची गोष्ट झाली. आतां तिच्यांतून नीतिशास्त्राचे कोणते प्रश्न निघतात तें पाहूं.

पहिली गोष्ट सद्धेतूच्या पुरेपणाची. आपल्याकडे ‘मन शुद्ध असलें म्हणजे झालें’ असें म्हणण्याची वहिवाट आहे. दानधर्माच्या बाबतींत तें कदाचित् चालेल. हिमकुंपणाच्या बाबतींत चालत नाहीं. एखाद्या दयाळू गृहस्थानें पदरचा पैसा खर्चून रस्त्याला अगदीं लागून कुंपण घातलें, तर जें बर्फ एरव्हीं कदाचित् रस्ता ओलांडून पलीकडे गेलें असतें, तेंच तो वाटसरूंच्या वाटेंत आणून टाकील. त्याच्या हेतूंत कांहीं उणें नाहीं. पण त्याच्या हातून अपघात घडेल. यावरून असें दिसतें कीं, अनोळखी मनुष्याचें हित करूं इच्छिणाऱ्यावर नुसत्या सदिच्छेचें नव्हे तर ज्ञानाचेंही बंधन आहे. ओळखीच्या मनुष्यास आपण चुकीची मदत केली तर तो तोंडावर सांगतो व आपण ती सुधारतों. अनोळखी वाटसरू सांगावयास येत नाहीं. तो एक तर निघून जातो, किंवा तेथेंच राहतो. म्हणून त्याच्या बाबतींत मोजमाप, निरीक्षण, अनुभवी माणसांचें ऐकणें हीं नीतीचींच अंगें होतात. वायोमिंगच्या पशुपालकांचें म्हणणें ज्यांनीं मनावर घेतलें नाहीं, ते दुष्ट होते असें कोण म्हणेल? परंतु त्यांचें अज्ञान निरपराध होतें, असेंही म्हणतां येत नाहीं.

दुसरी गोष्ट कृतज्ञतेची. परोपकाराचे जुने प्रकार आपल्यास चांगले परिचित आहेत. सम्राट अशोकानें रस्त्यांच्या कडेला माणसांना व जनावरांना सावली मिळावी म्हणून वड लावविले, विहिरी खोदविल्या, हें त्याच्या स्तंभलेखांत कोरलेलें आहे. अहिल्याबाई होळकरांचे घाट व धर्मशाळा देशभर आहेत. उन्हाळ्यांत पाणपोई घालण्याची रीत आपल्या गांवोगांवीं अजून आहे. हीं सर्व पुण्यकृत्यें खरींच. परंतु यांत एक गोष्ट समान आहे. सावलींत बसलेल्यास सावली जाणवते. तहानलेला पाणी पितो व घालणाऱ्यास दुवा देतो. दात्याचें नांव त्यास ठाऊक नसलें तरी दान झालें हें ठाऊक असतें. हिमकुंपणाच्या लाभांत एवढीही जाणीव नाहीं. गाडी नीट गेली, एवढेंच. जी अडचण आलीच नाहीं, तिच्याबद्दल आभार कोण मानणार?

उलट, अशा कामांत एखादी चूक झाली तर ती मात्र तत्काळ सर्वांच्या डोळ्यांत भरते. आपल्याच प्रांतांतलें एक प्रसिद्ध उदाहरण या ठिकाणीं आठवतें. १८९६ सालीं मुंबईंत प्लेगची सांथ आली, तेव्हां डॉक्टर हाफकिन यांनीं लस तयार केली व १८९७ च्या जानेवारींत ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोंचून घेतली. पुढें लाखों लोकांनीं ती टोंचून घेतली. १९०२ सालीं पंजाबांतील मुलकोवाल गांवीं एका बाटलींतील लस दूषित झाल्यामुळें १९ माणसें धनुर्वातानें दगावलीं. त्या १९ मृत्यूंचें दुःख खरें होतें व त्याची चौकशी होणें रास्तच होतें. पण त्यापायीं हाफकिन यांच्यावर आलेला ठपका दूर व्हावयास १९०७ साल उजाडावें लागलें. दगावलेल्या १९ जणांची गणती करतां आली. लशीमुळें जे प्लेगपासून वांचले, त्यांतील एकही ‘मी वांचलों’ म्हणून पुढें येऊं शकला नाहीं, कारण आपण वांचलों हें त्याचें त्यासच कळलें नव्हतें. १९२५ सालीं मुंबईच्या त्या प्रयोगशाळेस हाफकिन यांचें नांव देण्यांत आलें, ही समाजानें उशिरां फेडलेली एक उधारी होय. बहुतेक उधाऱ्या फेडल्याच जात नाहींत.

येथें कोणी म्हणेल कीं, हा तर आपल्या शास्त्रकारांनीं सांगितलेला निष्काम कर्मयोगच झाला. यांत नवें तें काय? लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गीतारहस्यां’त लोकसंग्रहासाठीं कर्म करीत राहण्याचा जो मार्ग प्रतिपादिला, त्याशीं या कर्माचें नातें आहेच. परंतु एक भेद लक्षांत ठेवला पाहिजे. ‘फळाची आशा धरूं नये’ याचा अर्थ आपण पुष्कळदां ‘फळाचा विचारही करूं नये’ असा करून घेतों, आणि मग काम कसेंबसें उरकून टाकण्यास त्या थोर वचनाचा आश्रय घेतों. हिमकुंपण बांधणाऱ्यास फळ मिळणार नाहीं, हें खरें. परंतु फळाचा विचार त्याच्याइतका कोणीच करीत नाहीं. वारा कोणत्या दिशेनें येतो, वर्षांत किती बर्फ वाहून येतें, ढीग कोठवर पसरेल, याचा तो इंचाइंचानें हिशेब मांडतो. त्यानें सोडलेली आहे ती फळाची मालकी. फळाची चिंता नव्हे. आमच्या मतें निष्काम कर्माचा हाच अर्थ खरा आहे. जो फळाविषयीं उदासीन आहे, तो निष्काम नव्हे. तो केवळ निष्काळजी आहे.

तिसरा प्रश्न अधिक अवघड आहे. कुंपण रस्त्यापासून चारशें फुटांवर पाहिजे, म्हणजे तें बहुधा कोणातरी शेतकऱ्याच्या शेतांत येणार. ज्या वाटसरूंचें रक्षण व्हावयाचें ते त्याचे कोणी लागत नाहींत. तो स्वतः कदाचित् त्या रस्त्यानें महिन्यांतून एकदांही जात नसेल. मग त्यानें आपल्या जमिनीवर हें ओझें कां सोसावें? अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत या प्रश्नास एक सुंदर उत्तर काढलें आहे. तेथें रस्त्याच्या बाजूचे शेतकरी मका काढतांना कांहीं ओळी मुद्दाम उभ्या ठेवतात. त्या वाळलेल्या ताटांमध्यें बर्फ अडतें व रस्ता मोकळा राहतो. वसंत ऋतूपर्यंत त्या ओळी तशाच राहतात, आणि त्याबद्दल राज्याचें वाहतूक खातें त्या शेतकऱ्यांस मोबदला देतें. ज्यांच्या घरांत बांधाच्या वीतभर जमिनीवरून दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या गेल्या आहेत, अशा आमच्या वाचकांस या ओळींचें मोल समजावून सांगण्याची गरज नाहीं.

मोबदला घेतल्यानें त्या शेतकऱ्याचें पुण्य कमी होतें काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. येथें दोन प्रकारचीं कर्तव्यें वेगळीं करणें जरूर आहे. जी हानि माझ्या कृतीमुळें होते ती टाळणें हें माझें स्वतःचें कर्तव्य आहे. त्यासाठीं कोणीं मला पैसे द्यावे असें मी म्हणूं शकत नाहीं. परंतु जी हानि निसर्ग करतो, आणि केवळ माझी जमीन वाऱ्याच्या वाटेवर आहे म्हणून ती टाळणें माझ्या हातीं येतें, ती टाळण्याचा भार सर्वांनीं वांटून घ्यावा हाच न्याय. पहिल्या ठिकाणीं मोबदला मागणें हें लांच मागण्यासारखें आहे. दुसऱ्या ठिकाणीं तो नाकारणें हा एकावर सर्वांनीं केलेला जुलूम आहे. समाजांत पुष्कळ वेळां याच्या उलट घडतें. बळवंताच्या कृतीनें झालेली हानि ‘निसर्ग’ म्हणून खपून जाते, आणि दुबळ्याकडून मात्र त्यागाची फुकट अपेक्षा केली जाते.

ही कसोटी हातीं घेऊन आतां आपल्या घराकडे वळूं. बर्फ नसलें तरी हिंवाळ्यांतील रस्ता मोकळा व दिसता राहावा हा प्रश्न हातकणंगले तालुक्यासही आहे. उंसाचा गळीत हंगाम आणि हिंवाळा येथें हातांत हात घालून येतात. कोल्हापूर-सांगली रस्त्यावर व इचलकरंजी, हुपरी, नरंदे, पेठ वडगांव या बाजूंच्या वाटांवर दिवसरात्र उंसाची वाहतूक चालते. ट्रॅक्टरामागें दोन-दोन ट्रॉल्या, त्यांच्या बाहेर हातभर आलेल्या मोळ्या, आणि मागें लाल दिवा नाहीं कीं चमकणारी पट्टी नाहीं, असें एखादें वाहन पहांटेच्या धुक्यांत रस्त्याच्या मध्यावर उभें असलें, तर मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यास तें केव्हां दिसणार? एखाद्या ट्रॉलीचा टायर फुटतो; चाकाखालीं मोठे दगड लावले जातात; दुरुस्ती होते, गाडी निघून जाते, आणि दगड मात्र जागच्या जागीं राहतात. तसेंच ऊंस तुटलेल्या फडांत पाचट पेटविलें जातें व त्याचा धूर वाऱ्यासरशीं रस्त्यावर उतरतो. तिकडे शेतकरी परक्याची वाट दिसावी म्हणून ताटें उभीं ठेवतो. इकडे परक्याच्या वाटेवर धुराचा पडदा ओढला जातो.

हें लिहितांना कोणाची निर्भर्त्सना करण्याचा आमचा हेतु नाहीं. ट्रॉली हांकणाऱ्यास खेपेवर पैसे मिळतात. वेळ गेला तर त्याची मजुरी बुडते. ऊंस तोडणारीं कुटुंबें बीडसारख्या दूरच्या जिल्ह्यांतून उचल घेऊन येतात आणि थंडींत फडाशेजारीं पालांत राहतात. सर्वांत थोडें ज्यांच्या हातीं आहे, त्यांच्याच माथीं सर्व दोष मारणें सोपें असतें. परंतु वर सांगितलेली कसोटी लावली तर जबाबदारीची वांटणी स्पष्ट दिसते. दगड ज्यानें ठेवला त्यानें उचलावा. यास पैसा लागत नाहीं. तांबडी पट्टी व दिवा यांचा खर्च वाहनाच्या मालकानें व ज्यांच्यासाठीं ऊंस वाहिला जातो त्यांनीं करावा. साखर कारखाने व परिवहन खातें हंगामाच्या प्रारंभीं चमकत्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा काढतात, ही चांगली गोष्ट आहे. पण पट्टी चिखलानें माखली कीं ती पुसण्याची मोहीम कोणी काढीत नाहीं. पाचटाची गोष्ट तर याहूनही सोपी आहे. तें न जाळतां सरींत कुजविलें तर जमिनीचा कस वाढतो व ओल टिकते, आणि खोडव्यास त्याचा लाभ होतो, असें कृषिशास्त्रज्ञ कित्येक वर्षें सांगत आहेत. येथें परक्याचें हित व स्वतःचें हित एकाच सरींत पडलेलें आहे. तें उचलून घेण्याचाच कंटाळा.

‘हें सर्व सरकारचें काम आहे’ असा आक्षेप येईल. कांहीं अंशीं तो खरा आहे. रस्ता बांधणें, नियम करणें, नियम मोडणाऱ्यास दंड करणें हीं सरकारचींच कामें होत, व तीं न झाल्यास जाब विचारणें हा नागरिकांचा हक्क आहे. परंतु कायद्याचा हात कोठवर पोंचतो हेंही पाहिलें पाहिजे. ट्रॉलीस पट्टी असावी असा नियम करतां येतो. मध्यरात्रीं निर्जन रस्त्यावर, कोणी पाहत नसतांना, थकलेल्या मनुष्यानें खालीं वांकून दगड बाजूला करावा, हें कोणता शिपाई करवून घेणार? तेथें मनुष्य आणि त्याची सदसद्विवेकबुद्धि हीं दोघेंच असतात. तो दगड कोणासाठीं उचलावयाचा हें त्यास ठाऊक नसतें. ज्याचा चेहरा दिसत नाहीं, जात कळत नाहीं, गांव माहीत नाहीं, जो कदाचित् अजून घरांतून निघालेलाही नाहीं, अशा मनुष्यासाठीं केलेलें तें कर्म आहे.

आणि येथेंच आमच्या मूळ प्रश्नाचें उत्तर आहे असें आम्हांस वाटतें. आपलीं कर्तव्यें आपण घर, भावकी, गांव अशा वर्तुळांनीं मोजतों. वर्तुळ रुंदावत गेलें कीं कर्तव्य पातळ होत जातें. परंतु आपल्या कृतींचे परिणाम या वर्तुळांचें कुंपण मानीत नाहींत. धूर भावकी ओळखत नाहीं. दगड आपपर जाणत नाहीं. ज्याच्या कृतीचा परिणाम जेथवर पोंचतो, तेथवर त्याचें कर्तव्य पोंचतें. मग त्या टोंकाला उभा असलेला मनुष्य आपला कोणी असो वा नसो, त्याला तें कळो वा न कळो. कृतज्ञता हा कर्तव्याचा पाया नव्हे; तें त्यावर कधींमधीं उमलणारें फूल आहे. फूल आलें नाहीं म्हणून झाड लावावयाचें सोडून देणारा माळी आपण शहाणा समजत नाहीं.

मात्र एक इशारा दिला पाहिजे. जें काम आभारांवांचून चालतें, तें हिशेबावांचून चालत नाहीं. कुंपण चांगलें असलें कीं दहा वर्षें अपघात होत नाहींत. अपघात झाले नाहींत म्हणजे अकराव्या वर्षीं कोणी तरी विचारतो कीं, ‘येथें कांहीं होतच नाहीं, मग या कुंपणाच्या दुरुस्तीवर पैसा कशाला?’ स्वतःच्या यशामुळेंच निरुपयोगी ठरण्याची ही आपत्ति प्रत्येक प्रतिबंधक कामावर येते. सांथ ओसरल्यावर लस, शांततेच्या काळांत पहारा, पाऊस चांगला झाल्यावर तलावाची डागडुजी, सर्वांची एकच कथा. यास उपाय एवढाच कीं, घडलेल्या गोष्टींप्रमाणें न घडलेल्या गोष्टींचीही नोंद समाजानें ठेवावी. टॅब्लर यांनीं नुसतीं कुंपणें सुचविलीं असतीं तर तीं कदाचित् कधींच मोडून सरपणांत गेलीं असतीं; त्यांनीं मोजून ठेवलें म्हणून तीं टिकलीं. आमच्या तालुक्यांतील एखाद्या ग्रामपंचायतीनें किंवा शाळेनें हंगामांत आपल्या हद्दींतील रस्त्यावर किती अपघात झाले व कशामुळें झाले, एवढें जरी वर्षानुवर्षें एका वहींत टिपून ठेवलें, तरी कोणत्या वळणावर काय हवें हें कळेल, आणि केलेल्या उपायाचा उपयोग झाला कीं नाहीं हेंही कळेल. ती वही म्हणजे आभार न मिळणाऱ्या कामाची पावती होईल.

रात्रीं उशिरां सांगलीहून निघालेला कोणी एक मनुष्य हातकणंगल्यावरून आपल्या गांवीं पोंचतो, हातपाय धुतो, भाकरी खातो आणि निजतो. वाटेंत कोणीं दगड बाजूला केला होता, कोणीं चिखलानें माखलेली पट्टी पुसली होती, कोणीं पाचट पेटविलें नव्हतें, यांतलें त्यास कांहींच ठाऊक नाहीं. सकाळीं उठून तो आपल्या उद्योगास लागेल व त्या रस्त्याचा विचारही करणार नाहीं. ज्यांनीं तीं कामें केलीं, त्यांस याहून अधिक कांहीं नको असावें. आणि ज्यांनीं तीं अजून केलीं नाहींत, त्यांनीं आभारांची वाट पाहत बसूं नये.